वाडवडिलांचं रान राखायचं ठरवलंत, आता कामाला कुठून लागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याला तुमची ११ एकर वडिलोपार्जित वरकस जमीन आहे. वरच्या अंगाला थोडा सडा, म्हणजे उघडा कातळमाथा, मधे उतारावर रान, खाली पऱ्या, म्हणजे ओढा. शेवटची तोड १२ वर्षांपूर्वी झाली आणि आता ठेकेदार पुन्हा विचारायला लागलाय. तुम्हाला रान राखायचंय, त्यात पाखरं-जनावरं टिकावीत अशी इच्छा आहे. घरातली मंडळी सुचवतायत की आधी झाडोरा साफ करू, हजारभर झाडं लावू, शेततळं खणू आणि चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालू.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या पावसाळ्यात एकही झाड लावू नका, ठेकेदाराला नाही म्हणा आणि डिसेंबरात वणव्याच्या तयारीला लागा. घरच्यांनी सुचवलेल्या चारही गोष्टी चांगल्या मनाने सुचवलेल्या आहेत, पण त्या याच क्रमाने केल्यात तर आज जे आहे त्यातलं बरंच जाईल.

तुमचं रान १२ वर्षांचं आहे असं वरून दिसतं, जमिनीखाली ते तसं नाही. कोकणातल्या खाजगी रानांची तोड साधारण दर दहा-पंधरा वर्षांनी होत आली आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा ही झाडं तोडली तरी मरत नाहीत, खुंटाला फुटवे येतात. म्हणजे आज मनगटाएवढ्या जाडीचा दिसणारा ऐन ज्या मुळांवर उभा आहे ती मुळं तुमच्या आजोबांच्या काळातली असू शकतात. एवढी खोल मुळं कुठल्याही नर्सरीच्या पिशवीत मिळत नाहीत. त्याला फक्त वेळ द्यायचा आहे. एकाच खुंटाला सात-आठ फुटवे दाटलेले दिसले की ते विरळ करावेत असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी त्याचीही गरज नसते. जोरकस दोन-तीन फुटवे आपोआप पुढे जातात, बाकीचे सावलीत सुकतात आणि त्या सुकलेल्या काटक्यांवर किडे, बुरशी आणि त्यांच्यामागे पाखरं येतात.

पहिलं वर्ष बघण्यात घालवा. हे काम टाळण्याचं निमित्त समजू नका, पुढच्या वीस वर्षांचे निर्णय यावर ठरतात. महिन्यातून एकदा ठरावीक वाटेने फिरा, चार-पाच जागा ठरवून तिथून दर वेळी त्याच दिशेने फोटो काढा. साधा हाताने काढलेला नकाशा करा आणि त्यावर ही ठिकाणं मांडा: जुनी मोठी झाडं, ढोल्या असलेली झाडं, वठलेली उभी खोडं, वारुळं, उन्हाळ्यात ओल राहणाऱ्या जागा, जनावरांच्या वाटा. मोठ्या सपाट दगडांवर नजर ठेवा. उदमांजर अशा उघड्या दगडावर विष्ठा टाकतं. काडीने उकलून पाहिलीत तर तिच्यात भेरली माडाच्या, उंबराच्या, जांभळाच्या बिया स्वच्छ धुतल्यासारख्या निघतील. कुठल्या महिन्यात कुठल्या बिया, एवढं लिहून ठेवलंत तरी रानात कोणतं झाड कोणाचं पोट भरतंय आणि कोणतं झाड कोण पेरतंय हे वर्षभरात कळतं. साळिंदराचे काटे, मुंग्यांच्या घरट्यापाशी खवले मांजराने उकरलेली ताजी माती, भेकराच्या लेंड्या याही नोंदी तितक्याच मोलाच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे जुनी आणि मेलेली झाडं. दर बारा वर्षांनी तोड होणाऱ्या रानात नेमकी हीच नसतात आणि जिथे एखाद-दुसरं उरलेलं असतं तिथे अख्ख्या परिसराची पाखरं त्याच्या भरवशावर असतात. धनेशाचं उदाहरण घ्या. धनेश स्वतः ढोली कोरत नाही. त्याला आयती, मोठ्या बुंध्यात तयार झालेली ढोली लागते, बेहड्यासारख्या किंवा जुन्या आंब्यासारख्या थोराड झाडात. मादी आत शिरते, विष्ठा आणि अन्नाच्या चोथ्याने तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. मग अंडी उबवण्यापासून पिल्लं मोठी होईपर्यंतचे बरेच आठवडे नर बाहेरून फळं आणून भरवतो. नराला काही झालं तर आतली मादी आणि पिल्लं दोन्ही धोक्यात येतात. हा काळ आपल्याकडे साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमका तोडीचा आणि वणव्याचा हंगाम. तुमच्या नकाशावर असं एखादं झाड निघालं तर त्या चार महिन्यांत तिथे जाऊ नका, पाहुण्यांना फोटो काढायला नेऊ नका. झाडाखाली पडलेल्या बिया जूनमध्ये जाऊन बघा, घरट्याच्या दिवसांत त्याने काय आणलं-खाल्लं याचा हिशेब तिथे मिळतो.

वठलेल्या झाडाबद्दल घरात वाद होईलच, कारण सरपण म्हणून ते सोन्यासारखं असतं. तरीही उभं ठेवा. सुतारपक्षी आणि तांबट मऊ झालेल्या लाकडात बिळं कोरतात, दुसऱ्या वर्षी ते नवीन बीळ करतात आणि जुन्यात मैना, पोपट, दयाळ, पिंगळे राहायला येतात. स्वतः कोरता न येणारे सगळे पक्षी असे भाडेकरू आहेत. घराशेजारी किंवा पायवाटेवर पडेल असं झाड असेल तर तेवढं अर्ध्यावर छाटा, खालचं खोड राहू द्या. आडवं पडलेलं खोडही उचलू नका. पावसाळ्यात ते ओल धरतं, त्याखाली गोगलगाई, विंचू, देवगांडूळ, लहान बेडूक राहतात, आणि दहा वर्षांनी तिथे माती उरते.

वेलींचंही तसंच. गारंबी, पळसवेल यांसारख्या थोराड वेली झाडाचा गळा घोटतात म्हणून त्या दिसल्या की कापायची आपल्याकडे सवय आहे. कोवळं झाड वाकवणारी वेल जरूर बाजूला करा, पण मोठ्या झाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या वेली राहू द्या. शेकरू जमिनीवर उतरायला फार कचरतं, ते फांद्याफांद्यांनी जातं आणि जिथे झाडांच्या माथ्यांची साखळी तुटते तिथे त्याचं राज्य संपतं. म्हणून रानातून गाडीरस्ता काढायचा असेल तर तो शक्यतो कडेने काढा, आणि मधूनच काढावा लागला तर दोन-तीन ठिकाणी तरी वरच्या फांद्या एकमेकींना टेकलेल्या राहतील असा वळवून काढा. जेसीबी आत घालूच नका. एका दिवसात तो जी काळी माती खरवडतो ती परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. बांडगुळाबद्दलही विचारतात. कलमांच्या बागेत ते काढायलाच हवं, रानात मात्र थोडं असलेलं चालतं, फूलचुखे त्यावरच जगतात.

"झाडोरा साफ करणं" ही कल्पना मुळातून सोडून द्या. करवंदाची जाळी, तोरण, आटक, धायटी, दिंडा, कुडा यांना आपण झुडपं म्हणून हलकं लेखतो. भेकर दिवसा लपतं ते या जाळ्यांत, रानकोंबडी आणि सातभाई चरतात ते याच जाळ्यांखाली. काटेरी जाळीत पडलेलं बी गुरांपासून वाचतं आणि तिच्यातूनच उद्याचा जांभूळ वर येतो. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, त्यात रानातलं माकडलिंबू येतं, आणि सफाईच्या दिवशी हे काटेरी झुडूप पहिल्या तासातच कोयतीखाली जातं. पालापाचोळा झाडून पेटवणं तर अजिबात नको.

काढायचंच असेल तर तीन पाहुणी झुडपं-झाडं ओळखायला शिका. पहिली रानमोडी. ती उजेडात वाढते, नोव्हेंबरपासून फुलते, तिच्या म्हाताऱ्या, म्हणजे केसाळ बिया, उन्हाळ्यात वाऱ्यावर उडतात आणि वाळलेली झुडपं वणव्याला पुढे नेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, माती ओली असताना आणि फुलं यायच्या आत, हाताने मुळासकट उपटा. वरून कापून उपयोग नाही, दुप्पट फुटते. झाडांची सावली दाटली की ती आपणहून मागे हटते, त्यामुळे वाटा, तोडीची जुनी मोकळी जागा आणि कडा एवढ्यावरच लक्ष द्या.

दुसरी घाणेरी. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती हिंदुस्थानात आणली गेली आणि आज देशभरच्या जंगलांत पसरली आहे. तिचा फुटवा जमिनीलगतच्या गाठीतून येतो. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट हेरून एक साधी पद्धत रूढ केली. बुंध्याभोवतीची माती कुदळीने थोडी बाजूला करायची, गाठीच्या खाली, म्हणजे जमिनीच्या पातळीपासून तीन ते पाच सेंटिमीटर खोल, मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. मुळाचा मातीशी संबंध तुटला की ते जागच्या जागी वाळतं. आजूबाजूची जमीन फारशी उकरली जात नाही, त्यामुळे घाणेरीचंच साठलेलं बी पुन्हा जोमाने उगवत नाही. पण सगळी घाणेरी एकाच वर्षी काढू नका. जिथे देशी झुडपं उरलेली नाहीत तिथे बुलबुल, सातभाई, ससे तिच्याच आडोशाला असतात. एक पट्टा काढा, तिथे करवंद-तोरण वर येऊ द्या, मग शेजारचा पट्टा. पिल्लांच्या दिवसांत हात लावू नका. आणि पुढची तीन वर्षं त्याच जागी परत जाऊन कोवळी रोपं उपटायची तयारी ठेवा, नाहीतर पहिल्या वर्षाची मेहनत वाया जाते.

तिसरं गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. बांधावर, हिरवळीच्या खतासाठी ते असेल तर तिथेच राहू द्या, रानात शिरू देऊ नका. ऑस्ट्रेलियन बाभळीची मोठी झाडं असतील तर घाई नको. त्यांच्या सावलीत देशी रोपं वर आली की टप्प्याटप्प्याने काढता येतील.

आता वणवा. मी या एका विषयावर सगळ्यात जास्त आग्रह धरतो, कारण बाकी सगळं केलं आणि एकदा वणवा फिरला तर पाच वर्षं मागे जायला होतं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि मग आठ महिने कोरडे. गवत जानेवारीत वाळतं. वणवा बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागतो: शेजारच्या काजूबागेतलं गवत जाळताना, राब भाजताना, वाटेवर टाकलेल्या विडीने, नवीन गवत येईल या समजुतीने, कधी शिकारीसाठी. मोठी झाडं यातून वाचलेली दिसतात, म्हणून "काही नुकसान झालं नाही" असं म्हटलं जातं. पण गुडघ्याएवढी रोपं गेलेली असतात, जमिनीवरची घरटी आणि अंडी गेलेली असतात, पाचोळा गेलेला असतो आणि पुढच्या पावसात माती पऱ्यातून वाहून जाते. दरवर्षी जळणाऱ्या रानात फक्त जाड सालीची चार झाडं, गवत आणि रानमोडी उरते.

जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, डिसेंबर-जानेवारीत काढा, गवत अर्धवट हिरवं असताना. सड्याच्या बाजूला आणि शेजारच्या बागांच्या हद्दीवर तीन ते सहा मीटर रुंद पट्टा, गवत कापून पाचोळा आतल्या बाजूला लोटून घ्यायचा. पट्टा जाळून काढायचा असेल तर वनखात्याच्या सल्ल्याने, सकाळी दव असताना, पाच-सात माणसं आणि पाण्याचे पंप हाताशी ठेवून. एकट्याने नाही. फेब्रुवारीच्या मध्याआधी हे काम संपलं पाहिजे. पट्ट्यावर मार्चमध्ये पुन्हा एकदा फिरा, कारण तोवर ऐन-किंजळाची पानं गळून तो भरलेला असतो. तुम्ही गावाबाहेर राहत असाल तर उन्हाळ्याचे तीन महिने स्थानिक माणसाला राखणीचं काम द्या. मी तर म्हणेन झाडं लावायला ठेवलेले सगळे पैसे याच कामात घाला. आणि शेजाऱ्यांना आधी भेटा. त्यांना गवत जाळायचंच असेल तर दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून हजर राहायचं, एवढं ठरलं तरी अर्धा धोका संपतो. गुरांबाबतही एकदम बंदी घालू नका. पावसाळ्यात रोपं वर येतात तेव्हा गुरं नकोत, पण दिवाळीनंतर जाळरेषेच्या कडेने चरली तर जळाऊ गवत कमी होतं आणि गुराखी तुमचा पहारेकरी होतो.

झाडं लावण्याचं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा, आणि फक्त तिथे जिथे खुंटही नाहीत आणि रोपंही येत नाहीत. तोडीची लाकडं रचायची जुनी जागा, उखणलेला रस्ता, अशा ठिकाणी. काय लावायचं याचं उत्तर जवळच्या देवराईत आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिलं की आजूबाजूचं रान तुटलं तरी मूळच्या जंगलाचे नमुने तिथे टिकून राहिले. देवराईतून तोडून काही आणायचं नाही हे सांगायला नको, पण हद्दीबाहेर पडलेलं बी गावाला विचारून गोळा करता येतं. जांभूळ, फणस यांचं बी साठवता येत नाही, दोन आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते, म्हणून गोळा केलं की लगेच पेरा. बेहडा, हिरडा, ऐन यांचं बी गोळा करून ठेवता येतं.

एकच निवड करायची झाली तर मी वडाच्या कुळातली झाडं निवडतो: उंबर, वड, नांद्रुक. प्रत्येक जातीच्या फळात तिची स्वतःची इवलीशी गांधीलमाशी वाढते आणि तिला सतत कुठे ना कुठे फळ लागतं, म्हणून ही झाडं एकाच वेळी फळत नाहीत. रानात दुसरं काही नसतं तेव्हा एखादं उंबर पिकलेलं असतं. धनेश, हरियल, वटवाघळं, उदमांजर, सगळे तिथे येतात आणि येताना इतर झाडांचं बी घेऊन येतात. त्यांच्या जोडीला काटेसावर आणि पांगारा, कारण भर कोरड्या दिवसांत त्यांची फुलं मधासाठी खुली असतात, आणि काजरा, ज्याची फळं आपल्याला विषारी पण कवड्या धनेशाला आवडीची. मोकळ्या जागेत अशी थोडीच झाडं, विरळ. दाट लागवडीच्या मियावाकी पद्धतीचा मोह सोडा. उघड्याबोडक्या शहरी तुकड्यावर ती कोणाला हवी तर करू दे, तुमच्याकडे खाली जिवंत मुळं आहेत.

सड्यावर मात्र एकही खड्डा मारू नका. उन्हाळ्यात तो काळा कातळ ओसाड वाटतो, म्हणून झाडं लावण्याच्या मोहिमा नेमक्या तिथेच जातात. पाऊस सुरू झाला की त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशा वनस्पती येतात, डबक्यांत बेडकांची पिल्लं वाढतात, दगडांखाली पाली राहतात. या जीवांना सावली चालत नाही. तिथे झाड लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. तिथले सुटे दगडही गडग्यासाठी, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधासाठी, उचलू नका.

शेततळ्याचं उत्तर नाही असंच आहे, निदान प्लास्टिकच्या कागदाचं नको. त्या गुळगुळीत उतारावरून आत घसरलेलं भेकर किंवा कोल्हा बाहेर येऊ शकत नाही. आधीपासून असं तळं असेल तर एका कडेला दगड रचून खडबडीत उतार करा किंवा जाड दोरखंडाची जाळी तळापर्यंत सोडा. विहिरीला कठडा नसेल तर या उन्हाळ्यात बांधून घ्या, बिबट्या कठड्याशिवायच्या विहिरीत पडण्याच्या घटना महाराष्ट्रात नेहमीच्या आहेत. तुमच्याकडे पऱ्या आहे तेच खरं पाणी. त्याच्या दोन्ही काठांवर दहा-पंधरा मीटर पट्ट्याला कधीही कोयती लावायची नाही असं ठरवा. उन्हाळ्यात ओल राहणारी जागा असेल तर तिथे हाताने उथळ खळगा करा, कडा उतरत्या ठेवा, वीतभर पाणी पुरे. त्यात गप्पी मासे सोडू नका, ते बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या संपवतात.

कुंपणाबाबत: हद्द दाखवायला जांभ्या दगडाचा कोरडा गडगा चांगला, त्याच्या फटींत मुंगूस, सरडे, साप राहतात. जाळीचं कुंपण साळिंदर आणि खवले मांजराची वाट बंद करतं. जिथे जनावरांची वाट कुंपणाला छेदते तिथेच फासकी लावलेली सापडते, दुचाकीच्या क्लचवायरचा फास, रानडुकरासाठी लावलेला, आणि त्यात बिबट्याही अडकतो. तुमच्या फेरीत गुडघ्याच्या उंचीवर नजर ठेवून कडेने चाला. रिकामी फासकी दिसली तर फोटो काढून वनखात्याला कळवा, जनावर अडकलेलं असेल तर जवळ न जाता १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा. खवले मांजर आणि बिबट्या दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

राखणीला कुत्री पाळू नका. मोकळी कुत्री भेकराला पळवून पळवून मारतात, जमिनीवरची घरटी संपवतात. आणि रानाच्या कडेला घर बांधलंत तर दिवे कमी, पिवळसर, खाली झुकलेले ठेवा आणि मे-जूनमध्ये रात्री बंदच. काजव्याची मादी आणि नर एकमेकांना प्रकाशाच्या खुणेने शोधतात, फ्लडलाइटच्या उजेडात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. त्यांच्या अळ्या वर्षाचा बराच काळ ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खात घालवतात, म्हणजे पाचोळा झाडला आणि दिवे लावले की दोन्हीकडून नाश. माकडांना, डुकरांना खायला ठेवू नका. आज कौतुकाने केळी ठेवलीत की उद्या शेजाऱ्याच्या बागेचं नुकसान होतं आणि त्याचं तुमच्याशी भांडण होतं.

शेवटी कागदपत्रं आणि ठेकेदार. आधी सातबारा काढून इतर हक्काचा रकाना नीट वाचा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ खाली ३० ऑगस्ट १९७५ रोजी अनेक खाजगी रानं शासनाकडे गेली, काही पुढे मूळ धारकांना परत मिळाली, आणि काही उताऱ्यांवर "खाजगी वन" अशी नोंद अजून आहे. तशी नोंद असेल तर काहीही करण्याआधी तहसील कार्यालयात आणि वनखात्यात तिचा अर्थ लेखी समजून घ्या. नोंद नसली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यामुळे अनेक देशी झाडं खाजगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

सातबाऱ्यावर चुलत भावंडांची नावं असतील तर खरा प्रश्न पैशांचा होईल आणि तो टाळू नका. तोडीचे पैसे एकरकमी येतात, ते नाकारायचे तर काहीतरी समोर ठेवावं लागतं. या भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने खाजगी रानांच्या मालकांशी संवर्धन करार केले आहेत, तोड न करण्याच्या बदल्यात मोबदला अशा स्वरूपाचे. धनेश ज्या थोराड बेहड्यांत घरटी करतात त्यांची फळं काही वाटा पाखरांसाठी झाडावर-जमिनीवर सोडून गोळा करायची आणि फेअरवाइल्ड, म्हणजे रानातून जपून गोळा केलेल्या मालाला मिळणाऱ्या, प्रमाणपत्राखाली विकायची, हेही त्यांनी सह्याद्रीत करून दाखवलंय. सगळे सहहिस्सेदार तयार असतील तर २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आलेला सामुदायिक राखीव क्षेत्राचा मार्गही आहे, पण तो मोठा निर्णय आहे, जमीन वापरावर बंधनं येतात, पहिल्या वर्षी त्याची घाई नको. अगदीच कोणी ऐकेना तर निदान पऱ्याचा पट्टा, चढाचा भाग, ढोल्यांची झाडं आणि सडा तोडीतून कायमचे वगळायचे, असं नकाशावर आखून सगळ्यांच्या सह्या घ्या.

आणि ठेकेदाराला नकार तोंडी देऊ नका. एकाच सहहिस्सेदाराची सही घेऊन तोड सुरू झाल्याचे प्रकार घडतात. तुमची संमती नाही असं लेखी पत्र त्याला द्या, त्याची प्रत गट क्रमांक आणि सातबाऱ्यासह वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घेऊन ठेवा. हे काम पावसाळ्यातच उरका, कारण तोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर लगेच येतात.